भोनची पांढरी आणि वाजणारं यंत्र

बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या भोनच्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडितात येते. मग पाणी चढण्याआधी धातुशोधक यंत्र फिरवून निदान नाणी तरी काढून घ्यावीत, असं कुणालाही वाटेल. पण यंत्र धातूवर वाजतं, थरावर नाही. नाणं कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होतं, यावरून त्या थराचा काळ ठरवता येतो. नुसतं उकरलेलं नाणं सराफाच्या तराजूपुरतं उरतं. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लावतो. सातवाहनांचं झिजलेलं शिशाचं नाणं त्या हिशेबात किती भरणार? आणि स्तूपाच्या विटेवर तर यंत्र वाजतही नाही.