शेंग तडकण्यापूर्वी

तिळाची बोंडे पिकली की उकलतात आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून आपले शेतकरी बोंडे पिवळी पडू लागताच झाडे कापून पेंढ्या उभ्या करून ठेवतात. कॅनडातल्या शेतकऱ्यांपुढेही कॅनोलाच्या बाबतीत हाच पेच होता.

कॅनोला मोहरीच्या कुळातले. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या इंजिनांना वंगण हवे होते, म्हणून कॅनडात रेपसीडची लागवड वाढली. त्यातूनच पुढे बाल्डर स्टेफन्सन आणि कीथ डाउनी यांनी खाद्यतेलाचे वाण घडवले. १९७४ मध्ये 'टॉवर' हे वाण आले. तेल सुधारले, पण शेंगांचा तडकण्याचा स्वभाव गेला नाही.

मग कापायचे कधी? मुख्य खोडावरील सुमारे ६० टक्के दाण्यांचा रंग बदलला की पीक कापून ओळीने पसरायचे आणि वाळल्यावर मळायचे, ही एक रीत. पण घाई झाली तर दाणे बारीक राहतात, हरितद्रव्य उरून तेल हिरवट होते. उभे पीक वाळवून थेट कापले तर दाणे भरतात, यंत्राची एक फेरी वाचते. मात्र एका वादळात वर्षाचे कष्ट जमिनीवर!

२००० साली याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात शेंग उकलवणारी जनुके ओळखली गेली. पुढील दशकात सहजी न तडकणारे कॅनोलाचे वाण बाजारात आले, तशी थेट कापणी वाढली.

आपण वर्गात तेरड्याचे पिकलेले फळ मुलांच्या हाती देऊ या. ते फुटले की विचारू या: झाडाला बी उधळायचे असते, शेतकऱ्याला राखायचे असते, मग शेती म्हणजे काय?