तळटीप १४ : कोबे बीफ

१४. कोबे बीफ : जपानच्या ह्योगो प्रांतातील ताजिमा गुरांचे मांस. कोबे हे याच प्रांतातले बंदर. ते १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले आणि या मांसाची कीर्ती पसरली. ताजिमा हा ‘जपानी काळी’ जातीचा एक वंश. स्नायूंच्या आत चरबीचे बारीक जाळे धरण्याचा गुण त्याच्या रक्तातच आहे. भाताचा पेंढा, मका, जव यांच्या दीर्घ खुराकाने तो पुरता उतरतो. नुसत्या जातीने किंवा नुसत्या खुराकाने हे साधत नाही. ही चरबी कमी उष्णतेवर वितळते, म्हणून मांस मऊ लागते. ‘कोबे’ नावासाठी या जाळ्याची प्रत १२ पैकी किमान ६ असावी लागते. मजकुरातील ‘पांढऱ्या रेषांचे मांस’ ते हेच. — संपादक