कॅम्पबेल बे : पेन्शनरांनी वसवलेलं टोक

अंदमान-निकोबार बेटांची माळ दक्षिणेला जिथे संपते, तिथे ग्रेट निकोबार आहे. पोर्ट ब्लेअरहून पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त दूर आणि इंडोनेशियाच्या सुमात्रापासून त्याहून बरंच जवळ. या बेटावरच्या कॅम्पबेल बेला पोस्टिंग निघालं की घरचे आधी नकाशा उघडतात. तिथे उतरल्यावर पंजाबी, तेलुगू, तमिळ, मल्याळी आणि मराठी आडनावं एकाच वस्तीत भेटतात. ही सगळी फौजी माणसांची घरं.

1965 च्या युद्धात इंडोनेशियाचा कल पाकिस्तानकडे होता. एवढं मोठं बेट जवळजवळ निर्मनुष्य किनाऱ्यासह सोडणं दिल्लीला परवडणारं नव्हतं. 1969 पासून माजी सैनिकांची कुटुंबं इथे वसवायला सुरुवात झाली. पहिली तुकडी पंजाबची. 1980 पर्यंत सुमारे 330 कुटुंबं आली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. पूर्व किनाऱ्यावर गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावं उभी राहिली. सीमा सडक संघटनेच्या 'यात्रिक' प्रकल्पाने रस्ते काढले. ज्यांनी उभी हयात बंदूक सांभाळली, त्यांनी जंगल तोडून नारळ-सुपारी लावली.

पण जमीन रिकामी नव्हती, हेही लिहायला हवं. किनाऱ्यावर निकोबारी आणि आतल्या रानात शोंपेन लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. 1956 च्या नियमाखाली बेट आदिवासींसाठी राखीव होतं. वसाहतीसाठी पूर्वेची पट्टी त्यातून वगळण्यात आली. 2011 च्या जनगणनेत शोंपेन अवघे 229 होते.

26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीने कोणताही भेद केला नाही. वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली, किनाराच खचला. इंदिरा पॉइंटचं 1972 चं दीपगृह चार मीटरहून अधिक खाली गेलं. पूर्वी ते जमिनीवर होतं, आता त्याच्या पायथ्याशी समुद्र आहे. किनाऱ्यालगतच्या बागांत खारं पाणी शिरलं ते शिरलंच. वाचलेले निकोबारी आपली गावं सोडून कॅम्पबेल बेजवळ आले. सैनिकांच्या कुटुंबांनी शून्यापासून पुन्हा सुरुवात केली.

2012 मध्ये इथे नौदलाचा 'आयएनएस बाझ' हा तळ सुरू झाला. 2022 मध्ये गॅलेथिया खाडीवरच्या मोठ्या बंदर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. बेटाचं मोल आता सगळ्यांना कळलंय. ते कळण्याआधी जे इथे येऊन राहिले आणि त्यांच्याही आधीपासून जे होते, त्या दोघांच्या जमिनीचा प्रश्न या आराखड्यात पुन्हा उभा आहे.

1969 ला चाळिशीत उतरलेला हवालदार आज हयात असेल तर नव्वदीपार गेलेला असणार. तुमच्या पलटणीतलं कुणी तिकडे गेलं असेल, तर नाव, रेजिमेंट आणि गाव लिहून ठेवा. हा इतिहास सांगणारे आता थोडेच उरलेत.

जय हिंद.