गृहश्वसनसाहाय्य, स्नायुविकृतीतील

श्वसनाचे स्नायू दुर्बल झालेल्या रुग्णास घरीच, प्रथम निद्राकाळी व पुढे गरजेनुसार दिवसाही, यंत्राच्या योगाने श्वासोच्छ्वास करविण्याची व्यवस्था. १९२८ मध्ये बॉस्टन येथे फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी सिद्ध केलेले लोखंडी फुप्फुस, आणि १९५२ मधील कोपनहेगनच्या साथीत (पहा : पोलिओ) अवलंबिलेली, श्वासनलिकेतील छिद्रावाटे दाबाने हवा भरण्याची रीत, ही तिची पूर्वपीठिका होय, नाकावरील मुखवट्याचा प्रसार १९८० नंतर झाला.

ड्युशेन विकृतीत (पहा : स्नायुविकृती) श्वसनदौर्बल्य प्रथम झोपेत प्रकट होऊन रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठतो व सकाळी डोके दुखते, येथे उणीव फुप्फुसांची नसून त्यांना हलविणाऱ्या भात्याची असल्यामुळे, नुसता प्राणवायू दिल्यास मूळ दोष झाकला जाऊन कार्बन डाय-ऑक्साइड अधिकच साचण्याचा धोका संभवतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. द्विस्तरीय दाबाचे यंत्र श्वास घेताना अधिक व सोडताना कमी दाब देते. खोकल्याचे बळही ओसरत असल्याने कफ काढण्याचे साधन लागते; वीज खंडित होण्याच्या प्रसंगासाठी बॅटरीचा व हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा बंदोबस्त अपरिहार्य असतो.

पूर्वी विशीच्या आसपास संपणारे ड्युशेनग्रस्तांचे आयुष्य या उपचारामुळे, हृदयाच्या चिकित्सेची जोड मिळाल्यास, अनेकांच्या बाबतीत तिशीपलीकडे गेले आहे. रात्रीची देखरेख बहुधा कुटुंबीयांकडेच असल्याने मुखवटा बसविण्याचे व यंत्राचे इशारे ओळखण्याचे शिक्षण त्यांस देणे हा उपचाराचाच भाग होय.