उच्च तापमान अणुभट्टी, लघु
लघु उच्च तापमान अणुभट्टी : अणुकेंद्रीय भंजनातून निघणारी उष्णता सु. ७००° ते १,०००° से. तापमानास उपलब्ध करून देणारी, अल्प शक्तीची अणुभट्टी. नेहमीच्या पाणी-शीतित अणुभट्टीतील शीतकाचे तापमान ३००° से.च्या आसपास असते. त्यामुळे उष्णतेचा जेमतेम एकतृतीयांश भाग विजेत रूपांतरित होतो. तापमान वाढविल्यास हे प्रमाण वाढते, तसेच पाण्याचे रासायनिक विघटन करून हायड्रोजन मिळविणेही शक्य होते.

महाराष्ट्रात ह्या विषयावरील संशोधन मुख्यतः ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर ट्रॉम्बे व पूर्वेस पनवेल आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी क्रांतिक झाली, त्या वेळी पनवेल हे भात व मीठ यांच्या व्यापाराचे गाव होते. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. ५ लाख होती. संशोधन केंद्राभोवतीची वस्ती अशी दाट होत गेल्यामुळे, अपघात झाल्यास लोकांना हलवावे लागणार नाही अशी अणुभट्टी रचता येईल काय, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

साखळी विक्रिया थांबविली, तरी भंजनजन्य द्रव्यांच्या किरणोत्सर्गी क्षयामुळे उष्णता निर्माण होतच राहते. बंद करण्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सु. ६ टक्के असते व पुढे झपाट्याने घटते. मोठ्या अणुभट्टीत ती काढून टाकण्यासाठी पंप चालू ठेवावे लागतात. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे नेमके हेच साधले नाही. गाभा लहान असल्यास घनफळाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो आणि उष्णता वहन व प्रारण यांनी आपोआप बाहेर जाऊ शकते. शिवाय इंधन तापले की त्यातील थोरियम किंवा युरेनियम-२३८ अधिक न्यूट्रॉन शोषून घेते व विक्रिया मंदावते. इंधनाचे सु. अर्धा मिमी. व्यासाचे कण कार्बन व सिलिकॉन कार्बाइड यांच्या थरांनी वेढलेले असतात. हे थर सु. १,६००° से.पर्यंत भंजनजन्य द्रव्ये अडवून धरतात; म्हणजे प्रत्येक कणास स्वतःची तटबंदी असते.

इंग्लंडमधील विनफ्रिथ येथील ‘ड्रॅगन’ (१९६४) व जर्मनीतील यूलिख येथील १५ मेवॉ.ची गोळ्यांच्या गाभ्याची अणुभट्टी (१९६६) हे आरंभीचे प्रयोग होत. यूलिख येथे हीलियमाचे अभिसरण थांबवून व नियंत्रण दांडे आत न घालता अणुभट्टी आपोआप शांत होते, हे दाखविण्यात आले. मात्र त्याच अणुभट्टीत १९७८ मध्ये बाष्पजनित्राच्या गळतीमुळे पाणी शिरले. पुढे गोळ्यांत वितळतारा ठेवून केलेल्या मापनांत गाभ्यातील तापमान गणिताने काढलेल्या तापमानापेक्षा बरेच अधिक आढळले. १९८८ मध्ये ती बंद झाली, तेव्हा तिचे आतले भाग सीझियम व स्ट्राँशियम यांनी दूषित झालेले होते. यासाठी ‘जन्मजात सुरक्षित’ हे विशेषण जपूनच वापरले पाहिजे. अमेरिका व जर्मनी येथील ३०० मेवॉ.च्या आसपासच्या अणुभट्ट्या १९८९ मध्ये बंद पडल्या. चीनने मात्र लहान आकाराचीच कास धरली. तेथील शिदाओवान केंद्रात दोन अणुभट्ट्या मिळून २१० मेवॉ.चे एक जनित्र चालवितात. २०२३ मध्ये तेथे अभिसरण बंद करून घेतलेल्या चाचण्यांत दोन्ही गाभे नैसर्गिक रीत्या थंड झाले.

ट्रॉम्बे येथील संकल्पन ह्याहून वेगळे आहे. २००० नंतरच्या दशकात आखलेल्या ह्या अणुभट्टीची औष्णिक शक्ती केवळ १०० किवॉ. ठरविण्यात आली. इंधन थोरियम व युरेनियम-२३३ यांचे, मंदायक बेरिलियम ऑक्साइडाचा आणि शीतक शिसे-बिस्मथाचा सुद्रावी मिश्रधातू. तो सु. १२५° से.ला वितळतो व १,६७०° से.पर्यंत उकळत नाही, म्हणून दाबपात्राची गरज उरत नाही. तो गाभ्यात ९००° से.ला शिरून १,०००° से.ला बाहेर पडतो आणि घनतेतील फरकामुळे पंपाविना फिरतो. इंधन सु. १५ वर्षे बदलावे लागू नये, अशी योजना आहे. दुर्गम ठिकाणी वीज पुरविणे हा त्यामागील एक हेतू होय. युरेनियम-२३३ चा अनुभव ‘पूर्णिमा-२’ (१९८४) व कल्पाक्कमची ३० किवॉ.ची ‘कामिनी’ (१९९६) यांतून मिळालेला होता.

अडचण आहे ती द्रव्यांची. तप्त शिसे-बिस्मथ धातूंना खाऊन टाकते, बिस्मथापासून पोलोनियम-२१० हे विषारी किरणोत्सर्गी मूलद्रव्य तयार होते आणि बेरिलियमाची धूळ फुप्फुसांस घातक असते. शीतकाच्या अभिसरणाचे व लेपित कणांचे प्रयोग झाले. प्रत्यक्ष अणुभट्टी मात्र उभी राहिली नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लघु अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. केंद्राच्या त्यानंतरच्या कार्यक्रमात हायड्रोजननिर्मितीसाठी ५ मेवॉ.पर्यंत औष्णिक शक्तीची, वायू-शीतित उच्च तापमान अणुभट्टी समाविष्ट आहे. म्हणजे द्रवधातूऐवजी वायूकडे वळण घेतले गेले आहे.