उंदीर पडला की घर सोडायचं

पुण्यातल्या १८९७च्या प्लेगची हकीकत आपण बहुधा एकाच चालीवर ऐकतो. गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून देवघरं विटाळली, बायकांची विटंबना केली, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. यातला जुलूम खराच आहे. पण या हकीकतीत एक समजूत न बोलता गृहीत धरलेली असते: उपाय शास्त्रशुद्ध होते, अंमल तेवढा क्रूर होता. ही समजूत मला चुकीची वाटते, कारण त्या उपायांमागचं वैद्यकच मुळात चुकलेलं होतं.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगला सापडला होता. तरीही अधिकाऱ्यांच्या मनात रोग दोनच ठिकाणी होता, घाणीत आणि माणसात. म्हणून गटारं धुतली, भिंतींवर चुना फासला, घरांत कार्बोलिक ओतलं, कपडे-अंथरुणं जाळली, स्टेशनांवर प्रवाशांच्या काखा-जांघा तपासल्या. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं. पण गाठीचा प्लेग एरवी माणसाकडून माणसाला होत नाही, फुप्फुसाचा प्लेग तेवढा खोकल्यातून पसरतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाला चावतात, आणि गाठ येते ती त्यातून. शिपाई माणसं शोधत होते, रोग आढ्यात आणि बिळात होता.

त्या काळी पिसवांचं कोणालाच ठाऊक नव्हतं, मग आजच्या ज्ञानाने त्यांना दोष का द्यावा, असं कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. मात्र उंदरांचं ठाऊक होतं. घरात उंदीर पडला की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, हा खेड्यापाड्यांतला रिवाज होता. कारण सांगता येत नव्हतं, निरीक्षण मात्र अचूक होतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखवलं, तरी ते मान्य व्हायला जवळजवळ दशक गेलं. अर्थात घर सोडण्यातही भेद होता. मुंबईहून लाखो माणसं गावोगाव पांगली तेव्हा त्यांच्या बोचक्यांतून पिसवाही जाऊ शकत होत्या. जवळच्या माळावर जाणं वेगळं, रोगासकट परगावी जाणं वेगळं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. लोकही खुळ्या समजुतींत होतेच की! इस्पितळात माणसाच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात या वदंतेने मुंबई हादरली, आणि ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लसीबद्दलही नाना अफवा होत्या. त्या खोट्याच होत्या, आणि त्यांनी जीव घेतले, कारण हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाची लस हा त्या काळातला खरोखर उपयोगी इलाज होता. ती त्याने १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण बळजबरीने नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्याच सरकारी हातातल्या सुईवर भरवसा कसा ठेवावा? चुकीच्या उपायांनी खऱ्या उपायाची पत घालवली, हे नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं. पुढे १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिनवर ठपका आला, तो पुसला जायला १९०७ उजाडलं.

दरम्यान मुंबईत प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून प्रयोग चालले होते. उघड्यावरची काही मेली. ज्यांच्या पिंजऱ्याला पिसवा अडवणारी बारीक जाळी होती, ती त्याच घरात, त्याच हवेत जगली.