राणीसाहेब विचार करतील

पार्लमेंटने संमत केलेले विधेयक इंग्लंडच्या गादीला मान्य नसे, तेव्हा सभागृहात जुन्या नॉर्मन फ्रेंच भाषेत एक वाक्य उच्चारले जाई. त्याचा अर्थ एवढाच, की ‘राणीसाहेब विचार करतील’. आमच्याप्रमाणे ज्यांची हयात सरकारी कचेरीत गेली, त्यांना ‘विचार करू’ या शेऱ्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. हे वाक्य अखेरचे उच्चारले गेले ते मार्च १७०८ मध्ये, ॲन राणीच्या कारकिर्दीत. स्कॉटलंडात नागरी सेना उभारण्याचे विधेयक तिने नाकारले, तेही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. कारण फ्रेंच आरमार त्या किनाऱ्याच्या रोखाने निघाल्याची वार्ता होती आणि त्या सेनेच्या निष्ठेची खात्री वाटेना. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे लोटली. नकाराचा अधिकार कोणत्याही कायद्याने काढून घेतला नाही, आणि कोणी वापरलाही नाही.

मग राजसत्ता गेली कशी? १६८९ च्या हक्कांच्या सनदेने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविणे व कायदे स्थगित करणे राजाला बंद झाले, हे खरे. परंतु मंत्री नेमणे आणि काढणे त्याच्याच हाती राहिले. ही सत्ता कशी निसटली, हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे दिसते.

पहिला प्रसंग हिंदुस्थानावरूनच घडला. १७८२ साली ग्वाल्हेरनजीक सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रज-मराठे तह झाला. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आयुक्तांकडे सोपविण्याचे फॉक्सचे विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले. तिसऱ्या जॉर्जला ते खपले नाही. जो या विधेयकाला मत देईल त्याला आपण शत्रू समजू, असा निरोप त्याने सरदारांच्या सभागृहात फिरविला. विधेयक पडले, राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ करून चोवीस वर्षांच्या पिटला प्रधानमंत्री केले आणि १७८४ च्या निवडणुकीत पिट जिंकलाही.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर १८३४ चा. चौथ्या विल्यमने मेलबर्नचे मंत्रिमंडळ असेच दूर केले. पण निवडणुकीत राजाच्या पसंतीच्या पीलला बहुमत मिळाले नाही, आणि एप्रिल १८३५ मध्ये त्याच मेलबर्नला परत बोलवावे लागले. मधल्या काळात राजाच्या अधिकाराचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते ते मतदार. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओसाड गावांच्या जागा रद्द झाल्या होत्या, आणि सरकारी वशिल्याने निवडणूक जिंकून देणे पूर्वीसारखे सोपे राहिले नव्हते. त्यानंतर कोणत्याही ब्रिटिश राजाने बहुमतातले मंत्रिमंडळ काढलेले नाही.

आमच्याकडील काही मंडळी या संदर्भात साताऱ्याचे उदाहरण देतात. १७५० मध्ये सांगोल्यास रामराजांनी कारभार पेशव्यांच्या स्वाधीन केला, तरी पेशवाईची वस्त्रे पुढेही साताऱ्याहूनच येत. साम्य आहे खरे. पण लंडनला सत्ता निवडून आलेल्यांकडे गेली, आपल्याकडे दुसऱ्या वंशपरंपरेकडे. साताऱ्याच्या महाराजांना घटनात्मक राजे म्हणणे आम्हांस पटत नाही. ते नजरकैदेत होते.

१८६७ मध्ये बॅजट या संपादकाने राजाचे तीन हक्क सांगितले: सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा. तथापि न वापरलेला अधिकार मेलेला असतो असे मानणे धोक्याचे. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ रोजी राणीचे प्रतिनिधी जॉन कर यांनी कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या व्हिटलम यांना पदच्युत केले. याउलट २०१९ मध्ये प्रधानमंत्र्यांच्या सल्ल्याने राणीने पार्लमेंटचे अधिवेशन तहकूब केले, तेव्हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी तो सल्लाच बेकायदा ठरविला.

बॅजटने जे संकेत म्हणून सांगितले, त्यातले थोडे आपल्या राज्यघटनेत १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने लेखी आले. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात. तोच पुन्हा आला तर मानणे भाग. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी अशीच परत पाठविली. मंत्रिमंडळाने ती पुन्हा पाठविली नाही.